धार्मिक विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्धवेळ ‘आंतरराष्ट्रीय वाटाघाटी’ शिकवायला जावं का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. अठरा वर्षं मी दोन देशांतल्या कंपन्यांमधले करार घडवायचं काम करते आहे. कधी टेबलाच्या या बाजूला, कधी त्या. आता एका लॉ स्कूलने विचारलं आहे की ‘आंतरराष्ट्रीय वाटाघाटी’ हा ऐच्छिक विषय घ्याल का. आठवड्यातून एक संध्याकाळ, सलग तीन तास, चौदा आठवडे. विद्यापीठ एका धर्मसंस्थेने चालवलेलं आहे आणि मी त्या धर्माची नाही. त्याने काही अडणार नाही, असं त्यांनी मुलाखतीत आपणहून सांगितलं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. निवडीसाठी मला एक नमुन्याचा तास घ्यायचा होता. मी नेहमीचा साधा सराव दिला. एकाने जुनं जहाज विकायचं, दुसऱ्याने घ्यायचं, दोघांच्या हातात आपापल्या पक्षाच्या गुप्त सूचना. विकणारी ८० पर्यंत खाली येऊ शकत होती आणि बोलणी १०० वर अडली होती. घेणाऱ्याने विचारलं, “हा तुमचा शेवटचा आकडा का?” ती मुलगी थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, हो म्हटलं तर मी खोटं बोलले असं होईल. या विषयात आम्हाला खोटं बोलायला शिकवणार आहात का?”

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी व्यावसायिक नियमांचं काहीतरी सांगून वेळ निभावली. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही. हा प्रश्न मला अठरा वर्षांत कोणी विचारलाच नव्हता.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा संस्थेत अर्धवेळ शिकवण्याचा अनुभव कोणाला आहे का? आणि त्या मुलीला काय उत्तर द्यावं?

जुनाजाणता

मी नऊ वर्षं अशाच एका विद्यापीठात व्हिजिटिंग म्हणून करार कायदा शिकवला. धर्म वेगळा, बाकी सगळं तुमच्यासारखंच.

तीन तासांच्या वर्गाला पहिल्या वर्षी दहा-बारा तास तयारी लागते, हे आधी घरी सांगून ठेवा. मानधनाकडे पाहून हे काम कोणी करत नाही. दुसऱ्या वर्षी तयारी निम्म्यावर येते आणि मजा तिथून सुरू होते.

सही करण्याआधी संस्थेची आचारसंहिता पूर्ण वाचा. वर्गाबाहेरच्या तुमच्या लेखनाला ती लागू होते का, हे लेखी विचारा. वर्ग प्रार्थनेने सुरू करायची अपेक्षा आहे का, तेही. माझ्याकडे अपेक्षा नव्हती, पण मी पहिल्या दिवशी दोन मिनिटं शांत बसायला दिली आणि पुढे मुलंच ती मागू लागली.

सणांचं आणि उपासांचं कॅलेंडर पाहूनच मोठे सराव ठेवा. उपास असलेल्या दिवशी संध्याकाळी तीन तासांची घासाघीस लावण्याची चूक मी केली आहे. मुलं काही बोलली नाहीत, तेच जास्त लागलं.

शंकेखोर

माझं मत स्पष्ट सांगतो. जाऊ नका.

वाटाघाट म्हणजे आपला हात झाकून ठेवणं. समोरच्याला सगळं सांगायचंच असेल तर वाटाघाट कशाला हवी? आणि धर्मसंस्थेच्या छपराखाली ही गोष्ट मोकळेपणी बोलता येईल असं मला वाटत नाही. त्या मुलीचा प्रश्न म्हणजे पुढच्या चौदा आठवड्यांची चुणूक आहे. तुम्ही डावपेच शिकवणार आणि वर्ग तुम्हाला नीती शिकवणार.

रेवाकाठ

@शंकेखोर, मी अशाच लॉ स्कूलची विद्यार्थिनी होते, म्हणून नम्रपणे असहमत.

आमच्या वर्गात धर्मग्रंथ मानणारी मुलं घासाघिशीला बुजत नव्हती, उलट होतं. एकाने बायबलमधल्या उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातला अब्राहाम आणला होता. सदोम नगर वाचवण्यासाठी तो थेट देवाशी बोलणी करतो. पन्नास नीतिमान माणसं सापडली तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, दहा. दर वेळी आधी नम्रतेचे शब्द, मग नवा आकडा. आमचे सर म्हणाले होते की आकडा कमी करताना समोरच्याचा मान कसा राखायचा, याचं इतकं जुनं उदाहरण दुसरं नसेल. एका ज्यू मुलीने मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहातला नियम सांगितला, की विकत घ्यायचंच नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये, कारण त्याच्या मनात खोटी आशा उभी राहते. आज कंपन्या फक्त माहिती काढायला बोलणी सुरू करतात, त्यावर आम्ही या एका ओळीवरून तासभर वाद घातला.

जिथे खोटं म्हणजे काय हा प्रश्न कोणालाच पडत नाही, त्या वर्गात हा वाद झालाच नसता. जा, ताई.

तळटीप

अर्धविराम, तुम्ही निभावून नेलेला तो नियम नीट पाहण्यासारखा आहे. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमांत ४.१ हा नियम म्हणतो, की वकिलाने तिऱ्हाइताला महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल जाणूनबुजून खोटं सांगू नये. पण त्याच नियमावरचं भाष्य पुढे सांगतं, की किमतीचे अंदाज आणि कोणत्या तडजोडीला पक्षकार तयार होईल हे सांगणं, ही विधानं वाटाघाटीच्या रूढीत साधारणपणे वस्तुस्थिती धरली जात नाहीत. म्हणजे “जहाजाचं इंजिन दुरुस्त केलेलं आहे” हे खोटं चालणार नाही, पण “१०० च्या खाली येणार नाही” हे चालून जातं.

हे वकिलाला शिक्षेपासून वाचवणारं उत्तर आहे. तुमच्या विद्यार्थिनीने शिक्षेबद्दल विचारलेलंच नाही.

आणि आपल्याला हा प्रश्न नवा कसा म्हणायचा? ‘नरो वा कुंजरो वा’ आपण लहानपणापासून ऐकतो. युधिष्ठिराचं वाक्य अक्षरशः खोटं नव्हतं, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. तरी चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. व्यासांनी शिक्षा शब्दाला दिली नाही, समोरच्याची समजूत फसवण्याच्या हेतूला दिली. ख्रिस्ती नीतिशास्त्रातही हाच वाद शतकानुशतकं चालला. अर्धं वाक्य मोठ्याने आणि उरलेलं मनात म्हटलं तर ते खोटं होत नाही, असं काही पंडित मांडत. १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी त्या शिकवणीचा निषेध केला. युधिष्ठिर आणि हा वाद एकाच तासाला घ्या, दोन्हीकडची मुलं जागी होतील.

चांदणवेल

वरचे प्रतिसाद वाचताना माझी सहा वर्षांची लेक आठवली. झोपायची वेळ झाली की ती म्हणते, “आई, तुझा शेवटचा आकडा सांग, मग मी माझा सांगते.” दहा मिनिटांवर ठरतं आणि अकराव्या मिनिटाला दुरुस्तीचा मसुदा येतो. लॉ स्कूलला पाठवते, फक्त उंची भरायची बाकी आहे. :)

दुभाषी

मी बैठकांमध्ये भाषांतराचं काम करतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माझ्या तोंडून बोलतात. अर्धविराम, विषयात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे, तर निदान दोन आठवडे भाषेला द्या, ही विनंती.

ब्रिटनची राणी आणि न्यूझीलंडचे माओरी सरदार यांच्यातला १८४० चा वायतांगीचा तह घ्या. इंग्रजी मसुदा माओरीत नेण्याचं काम हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याकडे आलं. त्याने आणि त्याच्या मुलाने ते एका रात्रीत केलं. इंग्रजीत सार्वभौमत्व राणीला दिलं होतं. माओरीत त्या जागी ‘कावानाटांगा’ आलं, ज्याचा अर्थ राज्यकारभार पाहणं याच्या जवळ जातो. दुसऱ्या कलमात मात्र सरदारांना ‘रांगातिरातांगा’, म्हणजे सरदारकीचा पूर्ण अधिकार, राखून दिला. बहुतेक सरदारांनी सह्या माओरी मसुद्यावर केल्या. आपण काय दिलं आणि काय राखलं, याचं दोन्ही बाजूंच्या मनातलं चित्रच वेगळं होतं, आणि तो वाद न्यूझीलंडमध्ये आजही चालू आहे.

मी हे मुद्दाम धार्मिक विद्यापीठाच्या धाग्यावर सांगतो आहे. विल्यम्सने शब्द जाणूनबुजून मवाळ केला की घाईत झालं, यावर अभ्यासक वाद घालतात. पण चांगल्या हेतूचा धार्मिक माणूसही मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना वेगवेगळं ऐकवू शकतो, आणि तो खोटं बोलला असं म्हणताही येत नाही. तुमच्या वर्गात उद्या असंच मध्ये उभं राहणारे बरेच असतील.

दुसरं उदाहरण सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव, नोव्हेंबर १९६७. त्या वर्षीच्या युद्धात इस्राएलने घेतलेल्या प्रदेशांबद्दलचा. इंग्रजीत ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ माघार म्हटलंय, पण नामाआधी ‘द’ नाही. फ्रेंचमध्ये ‘दे तेरित्वार’ आहे, ते ‘त्या प्रदेशांतून’ असंही वाचता येतं. काही प्रदेश की सगळे? एका उपपदावर इतकी वर्षं गेली. देशादेशांतल्या करारांचे नियम सांगणाऱ्या व्हिएन्ना कराराचं ३३ वं कलम करारांच्या बाबतीत सांगतं की दोन्ही भाषांतले मसुदे अधिकृत असले तर दोन्ही सारखेच प्रमाण. मुलांना तो नियम ठरावालाही लावून पाहायला सांगा.

मध्यमपदलोपी

@शंकेखोर, धर्मसंस्था आणि वाटाघाट यांचं जमत नाही असं तुम्हाला वाटतं, म्हणून बीगल खाडीचं प्रकरण सांगतो. माझ्या मते अर्धविराम यांच्या अभ्यासक्रमाचा कणा तेच असावं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा ही तीन लहान बेटं. चिली आणि अर्जेंटिना दोघांचा दावा. १९७७ मध्ये लवादाचा निवाडा चिलीच्या बाजूने लागला. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने तो शून्यवत ठरवला. त्या डिसेंबरात दोन्ही आरमारं समुद्रात होती आणि युद्ध काही तासांवर आलं होतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल अँटोनियो समोरे यांना पाठवलं. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओत दोन्ही देशांनी पोपची मध्यस्थी मागितली आणि बळ न वापरण्याचं कबूल केलं.

समोरे यांच्यामागे सैन्य नव्हतं, कर्ज द्यायला बँक नव्हती. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. दोन्ही देश कॅथलिक होते, त्यामुळे पोपच्या माणसाला दारातून परत पाठवणं दोन्ही लष्करी राजवटींना घरच्या लोकांसमोर अवघड होतं. आणि दुसरी, धीर. मध्यस्थी जवळपास सहा वर्षं चालली. समोरे १९८३ मध्ये वारले, करार त्यांनी पाहिला नाही. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी सह्या झाल्या. बेटं चिलीकडे राहिली आणि समुद्रावरचा हक्क असा आखला की अटलांटिकच्या बाजूचं पाणी मुख्यतः अर्जेंटिनाला मिळालं. जमिनीवर अडलेली बोलणी पाण्यावर नेऊन सोडवली.

मोझांबिकचंही पाहा. सांत एजिदिओ हा रोममधला कॅथलिक समुदाय. सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांची बोलणी १९९० मध्ये त्यांच्या जुन्या मठाच्या इमारतीत सुरू झाली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शांतता करार झाला. मध्यस्थांमध्ये बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्व्हिस होते. तिथे कोणी कोणाला प्रवचन दिलं नाही, लोकांना एकत्र बसायला जागा दिली आणि ती जागा दोन वर्षं उघडी ठेवली.

शंकेखोर

@मध्यमपदलोपी, माहिती पटली, निष्कर्ष पूर्ण पटत नाही. पोपने डिसेंबर १९८० मध्ये तोडगा दिला होता. चिलीने स्वीकारला, अर्जेंटिनाने स्वीकारला नाही. मग १९८२ मध्ये अर्जेंटिना ब्रिटनशी झालेलं फॉकलंडचं युद्ध हरली, १९८३ मध्ये लष्करी राजवट गेली, आणि निवडून आलेल्या सरकारने सार्वमत घेऊन करार केला. म्हणजे गाठ सोडवली ती बदललेल्या परिस्थितीने.

मध्यमपदलोपी

मान्य, आणि मुद्दा तोच आहे. परिस्थिती बदलेपर्यंत दोन्ही बाजूंना टेबलावरून उठू न देणं, हे मध्यस्थाचं काम होतं. १९८२ चं युद्ध झालं तेव्हा बीगलची बोलणी मोडलेली असती तर १९८४ मध्ये कशाच्या आधाराने करार केला असता? आपल्या भाषेत यश न आलेल्या बोलण्यांनाही ‘शिष्टाई’च म्हणतात. कृष्णाची शिष्टाई फसली, तरी ती करायला नको होती असं कोणी म्हणत नाही.

शंकेखोर

हे मात्र मानतो. निकाल आणि मध्यस्थी यांना मी एकाच मापाने मोजत होतो. विद्यापीठाबद्दलची शंका अजून आहे.

रानवारा

थोडं विषयांतर. पुरंदरचा तह या वर्गात बसेल का? जून १६६५, महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. ही वाटाघाट की शरणागती?

तळटीप

@रानवारा, छान प्रश्न. व्हिएन्ना कराराचं ५२ वं कलम म्हणतं की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतली तत्त्वं मोडून, बळाच्या धाकाने किंवा वापराने घडवलेला करार शून्यवत. आजचं कलम १६६५ ला लावता येत नाही, पण सरावासाठी लावून पाहा. वेढा पडलेला असताना केलेला प्रत्येक तह रद्द मानला तर इतिहासातले किती तह उरतील? माझ्या मते ती वाटाघाटच होती. कोणते १२ राखायचे हे ठरवण्यात खरं कसब होतं. राजगड राखला, हे विसरू नका.

जुनाजाणता

गुणांचं सांगायचं राहिलं. सरावातल्या आकड्यावर गुण देऊ नका. ज्याने जास्त ओढलं त्याला जास्त गुण दिलेत तर तिसऱ्या आठवड्यात वर्ग खोटं बोलायला लागेल, मग संस्था कोणत्याही धर्माची असो. मी ४० टक्के गुण बोलण्याआधीच्या लेखी तयारीला देत असे, ४० नंतरच्या रोजनिशीला, उरलेले सहभागाला. आणि सराव ४० मिनिटांचा असेल तर नंतरच्या चर्चेला ६० मिनिटं ठेवा. शिकणं तिथेच होतं.

स्वतःच्या अशिलांचे किस्से सांगताना फार जपा. देश, माल, वर्ष सगळं बदला. बदलून ओळखू येत असेल तर सांगूच नका.

रेवाकाठ

जुनाजाणता यांच्या रोजनिशीला माझा पूर्ण पाठिंबा. माझी अजून जपून ठेवली आहे.

अर्धविराम

सात आठवड्यांनी परत येते आहे, उशिराबद्दल माफ करा. मी काम स्वीकारलं. पाच वर्ग झाले.

आचारसंहितेबद्दल लेखी विचारलं, दोन दिवसांत स्वच्छ उत्तर आलं. @शंकेखोर, आतापर्यंत एकाही विषयावर मला कोणी थांबवलेलं नाही. पहिल्याच वर्गात मी ‘पॅक्टा सुंट सर्वांडा’, म्हणजे करार पाळलेच पाहिजेत, हे सूत्र फळ्यावर लिहिलं आणि व्हिएन्ना कराराचं २६ वं कलम सांगायला लागले. तर मागच्या बाकावरचा एक शांत मुलगा म्हणाला, की हे चर्चच्या कायद्यातून आलं आहे, पोप नववे ग्रेगरी यांच्या १२३४ च्या संग्रहात साध्या तोंडी वचनालाही बांधील धरलं आहे. रोमन कायद्यात नुसत्या वचनावर दावा लागत नसे. मी इतकी वर्षं हे सूत्र वापरते आहे, पण ते कुठल्या घरातून आलं ते त्या वर्गात कळलं.

आता ती मुलगी. ती वर्गात आहे. मी सरळ सांगितलं की त्या दिवशी मी अर्धंच उत्तर दिलं होतं. मग तळटीप यांनी सांगितलेला नियम वाचला, युधिष्ठिर आणि १६७९ चा निषेध एकत्र घेतला. त्यानंतर एक तालीम केली. जोडीतल्या एकाने “हा शेवटचा आकडा का?” हे दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारायचं. दुसऱ्याने एकदाही खोटं न बोलता आणि आकडा न सांगता उत्तर द्यायचं. सुरुवातीला सगळे अडखळले. हळूहळू वाक्यं सापडायला लागली. “या आकड्यावर मी आत्ता सही करायला तयार आहे.” “माझ्या मर्यादेबद्दल मी बोलणार नाही, तुमच्याही विचारणार नाही.” “त्याआधी इंजिनाबद्दल बोलू.” एकाने फक्त “का विचारता?” म्हटलं आणि समोरची मुलगी स्वतःच बोलत सुटली.

नंतर जहाजाचा सराव पुन्हा केला. तिने ८४ ला विकलं, वर्गात सर्वांत कमी. रोजनिशीत तिने लिहिलं आहे की तिला कोणी खोटं बोलायला लावलं नाही. पण बोलणं थांबलं की तिला अपराधी वाटायचं आणि ती शांतता भरायला आकडा खाली आणत गेली. गप्प राहणं आणि खोटं बोलणं तिच्या मनात एकच होऊन बसलं होतं. ती दोन पानं वाचून मी बराच वेळ तशीच बसले. माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही नेमकं हेच करत होते आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत होते.

तिच्यासमोर आता पुढचा प्रश्न आहे आणि तो माझ्यापेक्षा तिने चांगला मांडला आहे: “मी गप्प राहिल्यामुळे समोरच्याचा चुकीचा समज झाला, आणि तो होतो आहे हे मला दिसतंय, तर मी काय करावं?” इंजिनाबद्दल चुकीचा समज असेल तर दुरुस्त करायचा, आकड्याबद्दल असेल तर नाही, इथपर्यंत वर्ग आला आहे. मधल्या गोष्टींवर दोन तट आहेत. उदाहरणार्थ, दुसरा गिऱ्हाईक परवाच मागे फिरला, हे सांगायचं का?

तळटीप

परवापर्यंत त्या गिऱ्हाइकाचा उल्लेख तिने स्वतः केला असेल तर सांगायचं. केला नसेल तर नाही.

शंकेखोर

आणि उल्लेख समोरच्यानेच केला असेल, “तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे”, तर?

(वर्ग चांगला चालला आहे हे वाचून मनापासून आनंद झाला. माझी शंका मागे घेतो.)

अर्धविराम

@शंकेखोर, पुढच्या वर्गात हाच प्रश्न ठेवते, तुमच्या शब्दांत.

नवव्या आठवड्यात बीगल आहे. २४ मुलं, सहा-सहाचे चार गट. दोन चिली, दोन अर्जेंटिना, दोन मध्यस्थ. मध्यस्थाची भूमिका त्या मुलीने मागून घेतली आहे. एका गटात सगळं बोलणं दुभाष्यामार्फत व्हावं असं वाटतंय. @दुभाषी, संध्याकाळी तीन तास ऑनलाइन येऊ शकाल का?

दुभाषी

येतो. दोन्ही बाजूंच्या गुप्त सूचना मला मात्र पाठवू नका. दुभाष्याला त्या माहीत असल्या की आवाजात उतरतात.